अजब, अतरंगी की संशयास्पद? विचित्र गोष्टींसाठी बोलीतलं इंग्रजी कसं निवडाल

मराठीत या कामासाठी शब्दांची रेलचेल आहे. माणूस तऱ्हेवाईक असतो, कल्पना भन्नाट असते, योगायोग विलक्षण असतो, व्यवहारात काहीतरी काळंबेरं असतं आणि रात्रीच्या सुनसान रस्त्यावर नुसतंच ‘कसंतरी’ वाटतं. कुठला शब्द कुठे ठेवायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. इंग्रजी बोलायला लागलो की मात्र माणूस, कल्पना, योगायोग, व्यवहार आणि रस्ता सगळेच ‘स्ट्रेंज’ होतात, फार झालं तर ‘व्हेरी स्ट्रेंज’. व्याकरण बिनचूक असतं, पण ती गोष्ट तुम्हाला आवडली, खटकली की तिची भीती वाटली, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

बोलीतल्या इंग्रजीत नेमकं तेच सांगायचं असतं. एखाद्या कॅफेबद्दल ‘इट्स अ क्वर्की लिटल प्लेस’ म्हटलं तर तुम्ही मित्राला तिथे जायला सुचवताय. ‘इट्स अ बिट स्केची’ म्हटलं तर पाकीट सांभाळायला सांगताय. ‘इट्स क्रीपी’ म्हटलं तर तुम्ही पुन्हा तिथे पाऊल ठेवणार नाही. कॅफे एकच, आणि तिन्ही वाक्यांत ते चारचौघांसारखं नाही एवढंच सांगितलंय. बाकीचं सगळं शब्दाच्या निवडीने सांगितलं. म्हणून समानार्थी शब्दांची यादी पाठ करण्याचा फारसा उपयोग होत नाही असं माझं मत आहे. यादीत हे तिन्ही शब्द शेजारी शेजारी बसतात आणि सगळ्यांपुढे ‘विचित्र’ असाच अर्थ लिहिलेला असतो. खाली दिलेल्या पायऱ्या त्यामुळे भावनेपासून सुरू होतात.

पायरी 1: आधी स्वतःला विचारा, मला काय वाटतंय?

काहीतरी वेगळं दिसलं की मनात साधारण चारांपैकी एक प्रतिक्रिया उमटते. नुसतं नवल वाटतं, कौतुक वाटतं, संशय येतो किंवा अंगावर काटा येतो. शब्द शोधण्याआधी मनातल्या मनात मराठी वाक्य पूर्ण करून बघा. ‘अजबच आहे’ आलं तर नवल. ‘भन्नाट आहे’ किंवा ‘अतरंगी आहे’ आलं तर कौतुक. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ आलं तर संशय. ‘नको बाई इथे’ आलं तर भीती. मराठी वाक्य सुचलं की इंग्रजीतला कप्पा ठरतो, आणि तो ठरला की निवडीसाठी चार-पाचच शब्द उरतात.

पायरी 2: नुसतं नवल असेल तर

इथे चार शब्द पुरतात: वीअर्ड, ऑड, स्ट्रेंज आणि फनी.

‘वीअर्ड’ आज बोलण्यात सर्वांत जास्त चालणारा. जुन्या इंग्रजीत ‘वीर्ड’सारखा उच्चार असलेल्या त्याच्या पूर्वजाचा अर्थ होता दैव, प्राक्तन. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या तीन चेटकिणींना ‘वीअर्ड सिस्टर्स’ म्हटलंय ते भविष्य जाणणाऱ्या म्हणून. ‘विचित्र’ हा साधा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला. आता तो इतका सैल झालाय की कुठल्याही सुरात बसतो. ‘दॅट्स वीअर्ड’ म्हणजे ‘असं कसं काय?’ एवढंच. किल्ली ठेवल्या जागी नसली, फोन आपोआप बंद पडला, ओळखीच्या माणसाने ओळख दाखवली नाही, सगळीकडे हे दोन शब्द चालतात. स्पेलिंगकडे मात्र लक्ष द्या. शाळेत पाठ करून घेतलेला ‘आय बिफोर ई, एक्सेप्ट आफ्टर सी’ हा नियम हा शब्द पाळत नाही. इथे ई आधी येतो, आय नंतर.

‘ऑड’ थोडा शांत, थोडा विचारी. मूळ स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतलं. तिथे अर्थ होता त्रिकोणाचं टोक, जोडीत न बसणारा तिसरा. विषम संख्येला ऑड नंबर म्हणतात ते त्यामुळेच. अपेक्षित रचनेत एखादी गोष्ट बसत नाही तेव्हा ‘ऑड’ नेमका बसतो: ‘इट्स ऑड दॅट ही डिडन्ट कॉल.’ याच शब्दाचे आणखी दोन उपयोग इंग्रजी ऐकताना हमखास गोंधळात टाकतात. ‘थर्टी-ऑड पीपल’ म्हणजे तीस विचित्र माणसं नव्हेत, तीसेक माणसं. दोन शब्दांमधली आडवी रेघ गेली तर लिखाणात खरोखरच ‘तीस विचित्र माणसं’ असा अर्थ होतो. आणि ब्रिटिश माणूस ‘आय हॅव दी ऑड कप ऑफ कॉफी’ म्हणतो तेव्हा कॉफीत काही खोट नसते, तो अधूनमधून कॉफी घेतो एवढंच.

‘स्ट्रेंज’ या चौघांत सर्वांत गंभीर. गप्पांमध्ये तो किंचित लेखी वाटतो, गूढ किस्सा सांगताना शोभतो.

‘फनी’ मात्र शिकून घेण्यासारखा आहे, कारण आपण तो ‘गमतीदार’ एवढ्याच अर्थाने वापरतो. ‘दिस मिल्क टेस्ट्स फनी’ म्हणजे दुधाची चव बिघडल्यासारखी लागतेय. ‘द कार इज मेकिंग अ फनी नॉइज’ म्हणजे गाडीतून नेहमीचा नसलेला आवाज येतोय. ‘माय टमी फील्स फनी’ म्हणजे पोटात कसंतरी होतंय. विनोदाशी कशाचाही संबंध नाही. इंग्रजी भाषकांचाही गोंधळ होतो, म्हणून ते विचारतात, ‘फनी हा-हा ऑर फनी पिक्यूलिअर?’ म्हणजे हसण्यासारखं की चमत्कारिक? आणि ‘फनी बिझनेस’ ही तर सरळ लबाडी.

यंत्रांसाठी आणखी काही शब्द जवळ ठेवा. लॅपटॉप लहरीपणा करत असेल तर अमेरिकेत ‘इट्स ॲक्टिंग अप’, ब्रिटनमध्ये ‘इट्स प्लेइंग अप’. टेबल डुगडुगत असेल, चित्र तिरकं टांगलं असेल तर ‘वॉन्की’. जुगाड करून कशीबशी चालवलेली, कधीही दगा देईल अशी वस्तू ‘जँकी’. हा शेवटचा शब्द अमेरिकी आहे आणि तरुणांच्या तोंडी जास्त.

पायरी 3: कौतुक असेल तर

‘क्वर्की’ इथला राजा. छोटे, निरुपद्रवी, लोभस वेगळेपण. जुन्या पायऱ्यांवर पुस्तकं रचून ठेवलेलं दुकान क्वर्की, दोन पायांत दोन रंगांचे मोजे मुद्दाम घालणारी मैत्रीण क्वर्की. मोठ्या, भव्य किंवा भयंकर गोष्टीला तो चालत नाही. वादळ क्वर्की नसतं.

‘फंकी’मध्ये रंग, ठेका, धिटाई आहे, म्हणून कपडे, चष्म्याच्या फ्रेम, संगीत, सजावट यांना लावा. पण वासाला लावलात तर अर्थ उलटतो. ‘फंकी स्मेल’ म्हणजे कुबट वास, आणि अमेरिकी बोलण्यात हा शब्द वासासाठी सर्रास वापरतात. ‘ऑफबीट’ म्हणजे रुळलेली वाट सोडून केलेलं. विनोद, सिनेमा, करिअर यांच्यासाठी तो चांगला. ‘वॅकी’ आणि ‘झेनी’ दोन्ही खुळचट-मजेदार. झेनी हा शब्द इटलीच्या जुन्या लोकनाट्यातल्या ‘झान्नी’ नावाच्या विदूषकी नोकराच्या पात्रावरून आला, म्हणून त्यात माकडचेष्टा, धावपळ, आरडाओरडा यांची छटा आहे.

कल्पनांसाठी एक चढती भाजणी आहे आणि ती खूप कामाची आहे. ‘लेफ्ट-फील्ड’ म्हणजे अनपेक्षित दिशेने आलेली कल्पना. ‘आउट देअर’ म्हणजे बरीच पुढे गेलेली, सगळ्यांना झेपणार नाही अशी. ‘ऑफ द वॉल’ म्हणजे पार अतरंगी. ‘बॉन्कर्स’ म्हणजे ठार वेडेपणाची. ब्रिटिश लोक ‘ॲब्सोल्यूटली बॉन्कर्स’ तक्रारीसाठी म्हणतात आणि कौतुकासाठीही. कुठलं ते सुरावरून कळतं, म्हणून लिहिताना हा शब्द जपून वापरा. ‘ऑफ द वॉल’ची गल्लत ‘अप द वॉल’शी करू नका. ‘इट ड्राइव्ह्ज मी अप द वॉल’ म्हणजे डोकं फिरतं, वैताग येतो.

अमेरिकेत तर विचित्र असणं हा एका शहराचा अभिमान झालाय. टेक्सासची राजधानी ऑस्टिनमध्ये 2000 साली ‘कीप ऑस्टिन वीअर्ड’ ही घोषणा निघाली, स्थानिक छोट्या व्यावसायिकांनी ती उचलून धरली आणि पुढे ओरेगनमधल्या पोर्टलंडने तिचा कित्ता गिरवला. तिथे ‘वीअर्ड’ म्हणजे आगळंवेगळं, आपलं असं. त्यामुळे कुणी तुमच्या कामाला वीअर्ड म्हटलं तर लगेच वाईट वाटून घेऊ नका. विचारा, ‘गुड वीअर्ड ऑर बॅड वीअर्ड?’ हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. तुम्हीच बोलत असाल तर शेवटी ‘इन अ गुड वे’ जोडा: ‘इट्स वीअर्ड, बट इन अ गुड वे.’ चार शब्दांत गैरसमज टळतो.

पायरी 4: संशय असेल तर

मराठीत पाणी मुरतं, इंग्रजीत मासळीचा वास येतो. ‘देअर्स समथिंग फिशी अबाउट दिस ऑफर.’ फिशी गोष्टीला लावा, व्यवहाराला लावा, सबबीला लावा. माणसाला थेट लावत नाहीत, त्याच्या वागण्याला लावतात.

माणसासाठी ‘शेडी’. त्याचे धंदे लपवाछपवीचे आहेत असा सरळ आरोप त्यात आहे. जागा, गल्ली, वेबसाइट, अनोळखी लिंक यांच्यासाठी अमेरिकेत ‘स्केची’, ब्रिटनमध्ये ‘डॉजी’. डॉजीचा पसारा मोठा आहे. बनावट माल डॉजी, अविश्वासू दलाल डॉजी, आणि सतत दुखणारा गुडघाही डॉजी, कारण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. स्केचीलाही एक जुना, वेगळा अर्थ आहे. बातमीत ‘डीटेल्स आर स्केची’ असेल तर तपशील अपुरे आहेत, संशयास्पद नव्हेत.

‘सस’ हा ‘सस्पिशस’चा लघुअवतार मुलांनी घरोघरी नेला तो 2020 मध्ये, ‘अमंग अस’ या 2018 साली आलेल्या खेळाची लाट आली तेव्हा. ब्रिटनमध्ये हा छोटा शब्द त्याआधीपासून होता आणि त्याला वेदनेची किनार आहे. नुसत्या संशयावरून कुणालाही रस्त्यात अडवण्याचा अधिकार पोलिसांना देणाऱ्या तरतुदीला लोक ‘सस लॉ’ म्हणत. 1824 च्या भटक्यांविषयीच्या कायद्यातली ती तरतूद 1981 मध्ये रद्द झाली. चाळिशीपुढच्या माणसाने ‘सस’ म्हणावं का? घरात मुलांशी, खुशाल. ग्राहकाशी बोलताना नको.

नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नसेल तर दोन अक्षरांचा ‘ऑफ’ सर्वांत उपयोगी: ‘समथिंग फील्स ऑफ.’ काहीतरी बरोबर नाही, एवढंच. पदार्थाला लावलात तर ब्रिटिश इंग्रजीत तो नासलाय असा अर्थ होतो. ‘इफी’ त्याहून सौम्य, धड खात्री नाही अशा अर्थाचा.

वाक्प्रचारांत तीन पुरतात. ‘इट डझन्ट ॲड अप’, म्हणजे हिशेब जुळत नाही, सांगितलेल्या गोष्टीत मेळ नाही. ‘आय स्मेल अ रॅट’, म्हणजे इथे कुणीतरी फसवतंय. ‘इट्स टू गुड टु बी ट्रू’, म्हणजे इतकं चांगलं खरं असूच शकत नाही. पहिला शांतपणे वापरता येतो, अगदी बैठकीतही. दुसऱ्यात आरोप आहे, समोरच्याच्या तोंडावर म्हणू नये. आणि कुणी रचून सांगितलेली लांबलचक सबब असेल तर ती ‘कॉक-अँड-बुल स्टोरी’. त्यातल्या त्यात अमेरिकी ‘टॉल टेल’ला फसवणुकीपेक्षा लोणकढी थापेची गंमत जास्त असते.

पायरी 5: अंगावर काटा येत असेल तर

‘क्रीपी’, ‘ईअरी’, ‘स्पूकी’, ‘अनकॅनी’. चौघांत फरक बारीक आहे पण ठाम आहे.

ईअरी वातावरणाला लागतो. ओस पडलेलं स्टेशन, आवाज थांबल्यावरची शांतता, धुक्यातला उजेड. स्पूकी हलका आहे, भुताच्या गोष्टींचा आणि योगायोगांचा. तुम्ही ज्याचा विचार करत होता त्याचाच फोन आला तर ‘दॅट्स स्पूकी’ हसत हसत म्हणता येतं. अनकॅनी साम्याला शोभतो: ‘ॲन अनकॅनी रिझेम्ब्लन्स’, म्हणजे चकित करणारं साम्य. माणसासारखा दिसणारा, पण पूर्ण माणूस नसलेला यंत्रमानव बघून जी शिरशिरी येते तिच्याबद्दल जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्ये लिहिलं. इंग्रजीत ती कल्पना ‘अनकॅनी व्हॅली’ नावाने रूढ झाली, आणि संगणकाने बनवलेल्या चेहऱ्यांबद्दल बोलताना लोक आता गप्पांतही हे दोन शब्द वापरतात.

क्रीपीबद्दल थांबून सांगायला हवं. बाहुली, तळघर, चित्र क्रीपी असू शकतं. पण पुरुषाला क्रीपी म्हटलं की त्याच्या नजरेत, स्पर्शात किंवा मागे लागण्यात काहीतरी घाणेरडं आहे असा अर्थ निघतो. अबोल, बुजऱ्या किंवा निराळ्या कपड्यांतल्या माणसाला सहज म्हणून हा शब्द चिकटवणं हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. उलट जिथे खरोखरच तसा त्रास होतोय तिथे हा शब्द न कचरता वापरा: ‘ही गिव्ह्ज मी द क्रीप्स.’ ऐकणारा लगेच सावध होतो.

‘इट वीअर्डेड मी आउट’ हे क्रियापद याच कप्प्यातलं, पण सौम्य. भीती नाही, अस्वस्थपणा आहे.

पायरी 6: माणसाबद्दल बोलताना दुप्पट काळजी

वस्तूला वीअर्ड म्हटलं तर वस्तू दुखावत नाही. माणसांसाठी एक साधी पद्धत ठेवा: माणसाला विशेषण देण्याऐवजी त्याच्या वागण्याबद्दल बोला. ‘शी इज वीअर्ड’ म्हणण्यापेक्षा ‘शी’ज बीन ॲक्टिंग अ बिट ऑड लेटली’ म्हणा. पहिलं वाक्य शिक्का मारतं, दुसऱ्यात काळजीही ऐकू येते.

मराठीत आपण प्रेमाने ‘वल्ली’ म्हणतो त्याला इंग्रजीत ‘अ कॅरेक्टर’ तंतोतंत लागू पडतो: ‘हर ग्रँडफादर इज अ रिअल कॅरेक्टर.’ ‘ऑडबॉल’ आणि ‘ऑड डक’ यांच्यातही फार बोच नाही, पण तोंडावर म्हणण्यासारखे ते नाहीत. ‘शी मार्चेस टु द बीट ऑफ हर ओन ड्रम’ हे कौतुकाचं वाक्य. आपल्याच ठेक्यावर चालणाऱ्या माणसाची ही प्रतिमा अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांच्या 1854 सालच्या ‘वॉल्डन’मुळे सर्वतोमुखी झाली. ‘वीअर्डो’ जिवलगांत लाडाने चालतो, परक्याला म्हटलं तर शिवी.

काही शब्द मात्र दूरच ठेवा. ‘क्वीअर’चा जुना अर्थ विचित्र असा होता, जुन्या शब्दकोशांत आणि कादंबऱ्यांत तो सापडतो. पुढे समलिंगी माणसांना हिणवण्यासाठी तो वापरला गेला, आणि नंतर त्याच समूहाने तो स्वतःची ओळख म्हणून अभिमानाने परत घेतला. आज ‘विचित्र’ या अर्थाने तो वापरू नये. ‘फ्रीक’ हा शब्द शारीरिक वेगळेपण असलेल्या माणसांची जत्रेत प्रदर्शनं मांडली जात त्या काळाचं ओझं वाहतो. जोडशब्दांत मात्र तो चालतो, ‘नीट फ्रीक’ म्हणजे टापटिपीचं वेड असलेला, ‘कंट्रोल फ्रीक’ म्हणजे सगळं आपल्याच हातात हवं असणारा. ‘सायको’, ‘मेंटल’, ‘नटकेस’ हे शब्द मानसिक आजाराची टर उडवतात. सिनेमात ते सतत ऐकू येतात म्हणून तोंडात बसतात, पण ते सोडून दिले तरी बोलण्यातलं काही अडत नाही.

दुसऱ्याचं जेवण, नाव, पोशाख, उच्चार, पूजापद्धती यांना वीअर्ड किंवा फनी म्हणू नका. इथे नवलाची जागा स्वतःकडे घ्या: ‘आय हॅव्हन्ट ट्राइड दिस बिफोर’, ‘दॅट्स न्यू टु मी’. ‘एक्झॉटिक’ फळाफुलांना ठीक, माणसाला लावलात तर त्याला शोभेची वस्तू केल्यासारखं वाटतं.

पायरी 7: घटनांसाठी वाक्प्रचार, आणि त्यांतले सापळे

वाक्प्रचार चुकीच्या जागी वापरला तर चुकलेल्या शब्दापेक्षा जास्त खटकतो, म्हणून इथे घाई नको. दोन-तीन पक्के करा, मग पुढचे.

‘आउट ऑफ द ब्लू’ म्हणजे ध्यानीमनी नसताना. गोष्ट चांगली असो वा वाईट, ती अचानक झाली इतकंच. ‘आउट ऑफ लेफ्ट फील्ड’ यात अचानकपणाबरोबर असंबद्धताही येते. बेसबॉलच्या मैदानाचा डावा भाग ही त्याची जागा. पगारावर चर्चा चालू असताना कुणी मंगळावरच्या पाण्याबद्दल विचारलं तर तो प्रश्न लेफ्ट फील्डमधून आला. समोरच्याला मुद्दाम पेचात टाकणाऱ्या गोष्टीला अमेरिकी लोक बेसबॉलमधला ‘कर्व्हबॉल’ म्हणतात. क्रिकेट खेळणाऱ्या ब्रिटनमध्ये त्याची ‘गुगली’ होते, आणि ती आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे आपला कपिलाषष्ठीचा योग. एका इंग्रजी महिन्यात दुसऱ्यांदा आलेल्या पौर्णिमेला ब्लू मून म्हणतात आणि तसं साधारण अडीच वर्षांतून एकदा घडतं. चंद्र निळा दिसत नाही. हा वाक्प्रचार क्वचित पण पुन्हा पुन्हा होणाऱ्या गोष्टीसाठी आहे: ‘वी ईट आउट वन्स इन अ ब्लू मून.’ आयुष्यात एकदाच दिसलेल्या दोन तोंडांच्या सापासाठी तो चालणार नाही. तिथे म्हणा, ‘यू डोन्ट सी दॅट एव्हरी डे.’

हे शेवटचं वाक्य आणि त्याची भावंडं खरं तर मी सर्वांत आधी शिकायला सांगेन. ‘वेल, दॅट्स अ न्यू वन ऑन मी’, म्हणजे हे पहिल्यांदाच ऐकतोय. ‘नाउ आय’व्ह सीन एव्हरीथिंग’, म्हणजे आता आणखी काय बघायचं राहिलं? ‘गो फिगर’, म्हणजे कळत नाही बुवा असं का ते. ही वाक्यं जशीच्या तशी म्हणायची असतात. काळ बदलायचा नाही, कर्ता बदलायचा नाही, व्याकरण चुकण्याची भीतीच नाही.

आता सापळे. ‘आउट ऑफ दिस वर्ल्ड’ ऐकायला ‘जगावेगळं’ वाटतं, पण अर्थ आहे अप्रतिम. विचित्र स्वभावाच्या माणसाला ते लावलं तर तुम्ही त्याची भरभरून स्तुती केलीत. ‘बियाँड द पेल’मधला पेल म्हणजे कुंपणाचा खांब. कुंपणापलीकडचं ते वेगळं नव्हे, अक्षम्य. ‘ब्लॅक शीप’ म्हणजे घराण्याला कमीपणा आणणारा. घरात एकटीच चित्रकार झालेल्या मुलीला तसं म्हटलं तर ती दुखावेल. ‘फिश आउट ऑफ वॉटर’ हे त्या माणसाच्या अवघडलेपणाबद्दल आहे, इतरांना तो कसा दिसतो त्याबद्दल नाही. इतरांच्या डोळ्यांत खुपण्यासाठी ‘स्टिक्स आउट लाइक अ सोर थम्ब’. ‘व्हाइट एलिफंट’ हा मराठीतल्यासारखाच पांढरा हत्ती आहे, खर्चिक आणि बिनकामाचा. दुर्मीळ या अर्थाने तो चालत नाही.

पायरी 8: वाक्यात बसवताना

बोलीत ‘व्हेरी’ फारसं लागत नाही. कमी करायचं तर ‘अ बिट’, ‘काइंड ऑफ’, ‘सॉर्ट ऑफ’. वाढवायचं तर ‘रिअली’, ‘प्रिटी’, ‘सुपर’. शेपटीला ‘-इश’ जोडला की ‘वीअर्डिश’, थोडंसं विचित्र. ब्रिटिश माणसाचं ‘अ बिट ऑड’ शब्दशः घेऊ नका. बरेचदा त्याला ‘फारच विचित्र’ म्हणायचं असतं आणि सभ्यपणे म्हणायचं असतं. त्याचप्रमाणे कुणी तुमच्या नव्या केशरचनेला ‘इंटरेस्टिंग’ किंवा ‘डिफरंट’ म्हणून थांबलं तर ती पसंती असेलच असं नाही.

नामाआधी ‘अ बिट’ आलं की ‘ऑफ’ आणि आर्टिकल दोन्ही हवेत: ‘ही’ज अ बिट ऑफ अ कॅरेक्टर’, ‘शी’ज अ बिट ऑफ ॲन ऑडबॉल’. ‘ही इज अ बिट कॅरेक्टर’ ही आपल्याकडे ऐकू येणारी चूक. विशेषणांच्या रांगेत मत पहिलं उभं राहतं, मग आकार, मग वस्तू कशाची आहे ते: ‘अ वीअर्ड लिटल वुडन बॉक्स’. ‘अ वुडन लिटल वीअर्ड बॉक्स’ म्हटलं तर कळेल, पण कानाला बोचेल. ‘युनिक’ला ‘व्हेरी’ लावणं पुष्कळांना खटकतं, कारण एकमेव गोष्ट जास्त एकमेव होत नाही. गप्पांत ‘वन ऑफ अ काइंड’ म्हणा.

किस्सा सांगताना सुरुवातीलाच ऐकणाऱ्याला तयार करायचं असेल तर ‘ऑडली इनफ’, ‘फनीली इनफ’ किंवा ‘द वीअर्ड थिंग इज’ याने वाक्य उघडा. उच्चारात एक गोष्ट: ‘बिझार’चा जोर दुसऱ्या अक्षरावर आहे आणि तो ‘बझार’सारखाच ऐकू येतो, म्हणून लिहिताना दोघांची स्पेलिंग एकमेकांत मिसळतात. पहिल्यात एकच झेड आणि दोन आर, दुसऱ्यात एक झेड, एक आर आणि मध्ये दोन ए.

पायरी 9: कुठे थांबायचं

अहवाल, अर्ज, डॉक्टरांना लिहिलेला मेल, तक्रार, यांत हे शब्द बदला. वीअर्डचं ‘अनयूज्वल’ करा, फिशीचं ‘सस्पिशस’, ऑफबीटचं ‘अनकन्व्हेन्शनल’. आकडे विचित्र असतील तर ‘अनॉमली’ किंवा ‘इरेग्युलॅरिटी’. पण शेवटच्या शब्दात गैरव्यवहाराचा वास आहे, म्हणून खात्री नसताना ‘अनॉमली’च बरा. बोलताना मात्र डॉक्टरांपुढे ‘माय आर्म फील्स फनी’ म्हणायला हरकत नाही. तेही तसंच बोलतात आणि पुढचे प्रश्न विचारून नेमकं काय ते काढून घेतात.

पायरी 10: सराव

एखादी इंग्रजी मालिका बघताना फक्त या जातीच्या शब्दांवर कान ठेवा. शब्द ऐकला की तो कोण, कुणाला, कशाबद्दल आणि कोणत्या चेहऱ्याने म्हणाला हे एका ओळीत लिहा. अर्थ लिहू नका, प्रसंग लिहा. मग तो शब्द तुमच्या ओळखीच्या एखाद्या वस्तूला किंवा घटनेला लावून मोठ्याने म्हणा.

खालचे प्रसंग आधी स्वतः सोडवून बघा. धुलाईयंत्रातून नवा आवाज येतोय. अनोळखी वेबसाइटवर महागडा फोन कवडीमोलाने मिळतोय. मैत्रिणीने भिंतभर बंद पडलेली घड्याळं लावलीत आणि ती तुम्हाला फार आवडली. सहकारी दोन दिवस नीट बोलत नाही. ओळख नसलेल्या दोघांचे चेहरे हुबेहूब सारखे आहेत. वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात एका महिन्याचे आकडे कशाशीच जुळत नाहीत.

माझी उत्तरं अशी. यंत्र: ‘इट्स मेकिंग अ फनी नॉइज.’ फोन: ‘दॅट साइट लुक्स स्केची’, ब्रिटिश मित्राला ‘डॉजी’. घड्याळं: ‘आय लव्ह हाउ क्वर्की दिस इज.’ सहकारी: ‘ही’ज बीन अ बिट ऑफ लेटली. इज एव्हरीथिंग ओके?’ चेहरे: ‘द रिझेम्ब्लन्स इज अनकॅनी.’ अहवालात ‘वी नोटिस्ड ॲन अनॉमली इन दी फिगर्स’, आणि तोच विषय नंतर चहाच्या टेबलावर निघाला तर ‘दोज नंबर्स जस्ट डोन्ट ॲड अप.’